यांगजी गावाला गेली आहे

नाव ऐकलं तेव्हा माझा उजवा पाय उचललेला होता, आणि तो खाली कुठे टेकवायचा हे मला क्षणभर कळेना. बौद्धनाथच्या स्तूपाभोवती सकाळी माणसं एकाच दिशेनं वाहत असतात. त्या ओघात मध्येच कुणी थांबत नाही. थांबायचंच असेल तर दिवे विकणाऱ्या बायकांच्या फळ्यांकडे सरकावं लागतं. मी तशीच मध्ये उभी राहिले. मागून कुणाची तरी पिशवी पाठीत बसली, कुणी तरी म्हणालं, "आजी, झोप लागली का चालता चालता?" माझ्याबरोबर फेरी घालणाऱ्या सोनाम बुटीनं माझा दंड धरून मला ओढून कडेला नेलं. तिनंच तर चालता चालता माझ्या नाकापुढे फोन धरला होता. तिचा मुलगा वर गिर्यारोहकांच्या तळछावणीत स्वयंपाकाला आहे. चढाईआधीच्या, कालच्या पूजेची फिल्म त्यानं आईला पाठवली होती. "बघ, तुझी नात. त्या गोऱ्यांच्या मध्ये कशी मुळ्यांच्या जुडीत बटाटा ठेवल्यासारखी दिसतेय," ती म्हणत होती, आणि मी हसणारच होते. तेवढ्यात फोनमधल्या लामांनी गळ्यात दोरा बांधायला पुढचं नाव पुकारलं. "फुर्बा यांगजी." आणि त्या गोऱ्यांना शिखरावर घेऊन जाणारी माझी नात पुढे झाली, तिनं मान वाकवली. तिचं नाव छिमी आहे.

"हे कुणाचं नाव घेतलं त्यांनी?" मी विचारलं. "कुणाचं म्हणजे? पुढे आली तिचं." "तिचं नाव छिमी." "मग चुकले असतील. एवढी डोकी, एवढी नावं. गेल्या वर्षी माझ्या पोराला पासांग म्हणून दोरा बांधला. तरी आलाच ना खाली? वजन वाढवून आला मेला." सोनाम बुटी स्वतःच्या बोलण्यावर खूष होऊन हसली, पण मला तिच्यासारखं हसता येईना. तिच्या पेम्बाला पासांग म्हणणं ही चूक. शनिवारच्या माणसाला शुक्रवारचं म्हटलं, इतकंच. पण फुर्बा यांगजी हे नाव त्या लामांना सापडलं कुठून? टाकून दिलेलं नाव होतं ते. पोर पाच वर्षांची असताना टाकलं, आणि त्यानंतर आमच्या घरात भिंतीलासुद्धा ते ऐकू आलं नाही. चुकून तोंडात येण्यासारखं ते नाव नव्हतं. ते कुणी तरी त्यांना सांगितलेलं होतं, आणि तिथे वर ते सांगणारी एकच व्यक्ती असू शकत होती.

मी सोनाम बुटीला पुढे पाठवलं, गुडघ्याचं कारण सांगून. फोन मात्र मागून घेतला. "फेरी पुरी करून येते, मग दे," ती म्हणाली, "पण माझ्या फोनवरून कुणाला शिव्या घालू नकोस." मी फळीच्या कडेला टेकले आणि छुर्पीचा खडा गालात धरला. चवरीगाईच्या दुधाचं ते वाळवलेलं चीज दगडासारखं असतं. चावायचं नसतं, गालात ठेवून विसरायचं असतं, मग ते आपणहून मऊ होतं. काही काही विचारांचंही माझं तसंच होतं. मी ती फिल्म पुन्हा लावली, पुन्हा लावली. दगडांची रचलेली वेदी, मध्ये उभा केलेला वासा, त्याच्यापासून चारी दिशांना ताणलेल्या पताका. वेदीला टेकवून ठेवलेले बूट, बर्फाच्या कुऱ्हाडी, शिरस्त्राणं. माणसांआधी त्या वस्तूंना आशीर्वाद हवा असतो, कारण वर माणसापेक्षा त्यांच्यावर जास्त भिस्त असते. लोण्याच्या मूर्तींशेजारी बियरचे डबे आणि बिस्किटांचे पुडे. धुपीच्या सुगंधी झाडाच्या ओल्या फांद्यांचा धूर आधी सरळ वर जातो, मग विचार बदलल्यासारखा माणसांवर येतो. लामा थंडीनं नाक ओढत पोथी वाचत होते. वाशाच्या टोकावर एक काळा पक्षी येऊन बसला तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या, म्हणजे शकुन चांगला झाला. मग सातूचं पीठ मुठीत घेऊन तीनदा हवेत उधळलं, "ल्हा ग्यालो," देव जिंकले, असं ओरडले, आणि उरलेलं पीठ एकमेकांच्या गालांना, केसांना फासायला लागले. गोऱ्यांना यात फार मजा येते. त्यांना कुणी सांगत असेल का, की तो खेळ नाही, की पीठ फासणारा न बोलता म्हणत असतो: तुझे केस असे पांढरे होईपर्यंत जग? छिमीच्या डोक्यावर कुणी तरी मूठभर पीठ रिकामं केलं. तिनं मान वर केली, आणि फोनमधून माझंच तोंड माझ्याकडे बघून हसलं. पांढरे केस, पांढऱ्या भुवया, गालांच्या त्याच दोन टेकड्या. विशी-पंचविशीतली पोर म्हातारी होऊन समोर उभी. मला भीती वाटायला हवी होती. मला वाटली ती उत्सुकता. ही म्हातारी झाली तर अशी दिसेल, हे मला आता माहीत होतं. होईल का, एवढंच माहीत नव्हतं.

मीही त्या जागेवर उभी राहिले होते एकदा. तेव्हा आमच्या फोर्चे गावच्या आम्ही तरण्या मुली पाठीवर ओझी घेऊन तळछावणीपर्यंत जायचो. त्यापुढच्या बर्फात बायकांचं काम नसे. पूजेच्या दिवशी आम्हाला मागे, याकांच्या बाजूला उभं केलं होतं. पीठ उधळलं तेव्हा वारा आमच्याकडे होता, ते सगळं माझ्या नाकात गेलं आणि मी इतक्या जोरात शिंकले की लामांनी पोथीतून डोकं काढून बघितलं. माझा नवरा, तेव्हा तो नवरा होऊन वर्षही झालं नव्हतं, पुढून पळत आला आणि त्यानं माझ्या दोन्ही गालांना पीठ चोळलं, हात जड, जसा भिंतीला गिलावा करतात. "आता तू सगळ्यांना पुरून उरशील," तो म्हणाला. झालं तसंच. तो गेला, त्याच्या बरोबरीचे गेले, माझे केस मात्र त्याच्या हातांप्रमाणे पांढरे झाले. त्या दिवशी माझ्या पोटात पहिलं मूल होतं, मला अजून कळलेलं नव्हतं. पीठ गालांना लागलं, केसांत गेलं, कानातही गेलं. पोटापर्यंत पोचलं नसावं.

त्या मुलाचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे गेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याला वाटतं आपल्याला बोलावलं, आणि तो पुढे जायचा तो मागे वळतो. म्हणून मी त्याला थोरला म्हणते, सुनेचा, डिकीचा नवरा म्हणते, पोरीचा बाप म्हणते. एका माणसाला हाक मारायला किती आडवाटा असतात, हे तो गेल्यावर कळलं. आणि नावांचं तरी काय आहे आमच्याकडे? ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव. फोर्चेच्या उतारावर उभं राहून "फुर्बा!" अशी हाक मारली की बटाट्याच्या शेतांतून पाच डोकी वर यायची, सगळे गुरुवारचे. मग झऱ्याजवळचा फुर्बा, लंगडा फुर्बा, उसनं परत न करणारा फुर्बा. लहानपणी मला नेहमी प्रश्न पडे की यमाचा माणूस गावात आला आणि "फुर्बा कोण?" असं विचारू लागला, तर तो पाचांतला नेमका कसा निवडतो? एकदा मी हे गावच्या म्हाताऱ्या लामांना विचारलं. ते इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला, आणि आईनं घरी आल्यावर मला चापट दिली. उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. अजून मिळालेलं नाही.

थोरला तळछावणीच्या लगेच वरच्या बर्फाच्या धबधब्यात, त्या फुटक्या हिमनदीत, राहिला. वरून हिमकडा आला आणि त्याखाली तो आणि आणखी एक जण. दुसरा सापडला. सात आठवडे आम्ही घरात पूजा केल्या, लामांनी पोथीतून त्याला वाट सांगितली, शेवटच्या दिवशी गावजेवण दिलं, आणि सगळे म्हणाले, आता तो कुठे तरी जन्माला आला असेल. त्यानंतर पोर आजारी पडली. ताप येई, जाई, अन्न टिकेना, डोळे मोठे होऊन नुसती दाराकडे बघे. मी लामांना बोलावलं. त्यांनी फासे टाकले, मग डिकीला चहा करायला आत पाठवलं आणि हळू आवाजात मला म्हणाले, "तिचा बाप तिला हाक मारतोय. रागानं नाही. माया फार आहे त्याची, सुटत नाही. पण त्या बाजूनं मारलेल्या हाकेला लहान मूल ओ देतं." त्याच दुपारी तिच्या डोक्यावरून पाणी ओतलं, गळ्यात नवा दोरा बांधला, आणि तिचं नाव छिमी ठेवलं. जिला मरण नाही ती. फुर्बा यांगजी हे नाव त्या दिवसापासून बंद. म्हणजे त्यानं कितीही हाका मारल्या तरी त्या नावाचं घरात कुणी नसेल. मी माझ्या मुलापासून त्याची मुलगी लपवली. पोर बरी झाली, आठवड्याभरात मागून जेवायला लागली. नव्या नावाला मात्र ती ओ देईना. "छिमी," म्हटलं की मागे वळून बघे, कोण आलंय म्हणून. एक दिवस मला म्हणाली, "आजी, यांगजी कुठं गेली?" मी म्हटलं, गावाला गेली. "कधी येणार?" मी म्हटलं, बघू. त्यानंतर कित्येक दिवस ती बिस्किटातलं अर्धं बिस्किट खिडकीत ठेवायची. यांगजी आली की खाईल. चिमण्या ते खायच्या, आणि आम्ही दोघी सासूसुना तिकडे बघायचो नाही.

सोनाम बुटी फेरी करून आली, फोन घेऊन माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मेलं कुणी नाही ना?" मी म्हटलं, नाही. घरी येताना वाटेत मी नुसती मोजदाद करत होते, ते नाव अजून कुणाच्या लक्षात असेल याची. पोर तर ते लहानपणीच विसरली होती. मला, डिकीला, आणि त्या लामांना. ते लामा तर केव्हाच वारले.

डिकी बटाटे किसत बसली होती, धिरड्यांसाठी. ही माझी सून, पण नवरा गेल्यावर माहेरी न जाता माझ्याजवळ राहिली, आणि आता आमच्यात सासू कोण आणि सून कोण हे बाहेरच्याला सांगावं लागतं. मी दारातूनच विचारलं, "तिला सांगितलंस तू?" काय, कुणाला, असं तिनं विचारलं नाही. किसणी थांबवली नाही. "तिनं विचारलं, आई. जाण्याआधी, सामान बांधताना. मी सांगितलं." "सगळं?" "नाव सांगितलं. का बदललं तेही सांगितलं." "ते तुला कुठं माहीत होतं? तुला तर चहाला पाठवलं होतं आत." "आपल्या गावच्या घराच्या भिंती फळ्यांच्या होत्या," डिकी म्हणाली, "आणि चहा ठेवायला एवढा वेळ लागत नाही." इतकी वर्षं मला वाटत होतं की ते ओझं मी एकटी वाहते आहे. ती दुसऱ्या टोकाला हात लावून चालत होती आणि मला पत्ता नव्हता. "उद्या पहाटे ती बर्फात शिरणार," मी म्हणाले, "तो जिथं आहे तिथूनच वाट जाते. आणि तिथं धूप जाळून, ढोल वाजवून, ते नाव मोठ्यानं पुकारलंय. तुला काहीच वाटत नाही?" डिकीनं किसणीवरून हात उचलला. बोटाला थोडं रक्त आलं होतं. "मला काय वाटतं ते विचारू नका," ती म्हणाली. "फोन लावा. लामा अजून खाली उतरले नसतील. नव्या नावानं पुन्हा दोरा बांधून घे म्हणावं. तुमचं ती ऐकेल. माझं ऐकायचं वय तिचं संपलं."

फोन लागायला वेळ लागला. मग छिमीचं तोंड आलं, हललं, गोठलं, पुन्हा हललं. कानामागे अजून पीठ होतं. मागे पिवळे तंबू, आणि त्यांच्या मागे ते पांढरं, जे नुसतं पांढरं दिसतं. "आजी! बघितलंस का? लामांनी माझ्या नाकात पीठ घातलं, मी केवढी शिंकले." "घराण्याची रीतच आहे," मी म्हटलं, आणि फोन जवळ धरला. "ते नाव तू सांगितलंस त्यांना?" मला वाटलं तिचं तोंड पुन्हा गोठलं, पण तिच्या मागची पताका हलत होती. "हो." "का?" "आजी, चिडू नकोस." "चिडले नाही. विचारते." आणि खरंच मी चिडले नव्हते. मला फक्त जाणून घ्यायचं होतं. ती म्हणाली, "तूच सांगतेस ना, सात आठवड्यांनी ते कुठंतरी जन्मले? मग इथं कुणीच नाही. कुणीच नसेल तर नाव घेतलं काय आणि न घेतलं काय." "आणि असला तर?" "असले तर," ती म्हणाली, "मी उद्या त्यांच्या डोक्यावरून चालत जाणार. परक्या नावानं कशी जाऊ? त्यांना वाटेल कुणी तरी छिमी जातेय. त्यांनी छिमीला कधी बघितलंय?"

दाराआड डिकी उभी होती, बोट तोंडात धरून. तरी मी म्हणाले, "तो बोलावेल तुला." "बोलावू दे. मी काय पाच वर्षांची आहे? मी म्हणेन, आले, बघितलं, आता कामावर आहे, माझ्या दोरीला गिऱ्हाईक बांधलेलं आहे. त्यांना कळेल. तेही हेच काम करायचे." पलीकडे कुणी तरी तिला हाक मारली, छिमी दिदी, चहा, आणि ती लगेच "आले" म्हणाली. कुठल्या नावाला ओ द्यायची आणि कुठल्या नाही, हे तिला किती सहज जमत होतं. "पुन्हा दोरा बांधून घे," मी म्हटलं, "छिमीच्या नावानं. आईसाठी." "दोन दोरे? गळ्यात जागा कुठं आहे, आधीच सात आहेत. बरं, बांधते. आजी, एक विचारू? मला त्यांचा आवाज आठवत नाही. खूप आठवून बघितलं. ते मला काय म्हणायचे? फुर्बा, की यांगजी, की दोन्ही?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. कारण माझ्या कानात त्याची हाक आली, फोर्चेच्या अंगणातली, खांद्यावरचं ओझं उतरवायच्या आधीची, आणि त्या हाकेत फुर्बाही नव्हतं आणि यांगजीही नव्हतं. तो तिला त्या नावानं कधीच बोलवत नसे. कधीच नाही. त्याचं वेगळंच होतं, नाव म्हणता येणार नाही असं, दोनच अक्षरं, ऐकून लोक हसायचे असं काहीतरी. तो एकटाच म्हणायचा आणि ती एकटीच त्याला ओ द्यायची. तो गेला आणि ते बंद पडलं. बंद करावं लागलंच नाही. म्हणजे आम्ही ज्या नावावर पाणी ओतलं ते त्याच्या तोंडी कधी नव्हतंच. त्याच्या वाटेवरचं दार उघडंच होतं, आम्ही भलत्याच खिडकीला कडी घातली होती. मग तो का आला नाही? पोर उठून बसली ती कुणामुळे? दारापर्यंत येऊन, तिचा ताप बघून, त्यानं स्वतःच हाक गिळली असेल का? की तो कधी आलाच नव्हता, आणि माया मात्र मीच त्याच्या अंगावर घातली? एवढी म्हातारी झाले, आणि हा प्रश्न मला कालपर्यंत पडलेलाही नव्हता.

"आजी? गेलीस का? ऐकू येतंय?" "येतंय." "मग सांग ना. काय म्हणायचे?" "आठवतंय मला," मी म्हणाले. "सांग." "खाली ये. मग सांगते." ती आधी हसली, मग हसायची थांबली, मग पुन्हा हसली. "ही लबाडी आहे, आजी." "आहे." "आणि मी आलेच नाही तर?" दाराआडून डिकीचा श्वास ऐकू आला. "तर मला ते एकटीला ठेवावं लागेल," मी म्हणाले, "आणि माझं वय बघ. म्हणून लवकर ये." तिनं कानामागचं पीठ बोटानं पुसलं, त्या बोटाकडे बघितलं आणि फोनच्या काचेवर टेकवलं. माझ्या बाजूनं सगळं पांढरं झालं. मग संपर्क तुटला.

डिकीनं धिरडी केली. आम्ही खाल्ली. ती मला विचारील असं वाटत होतं, पण तिनं विचारलं नाही. तिलाही ते आठवत असेलच, तिच्याच अंगणातली हाक ती. तीही न बोलता तेच गालात धरून बसली असेल. सकाळी आम्ही दोघी स्तूपाला गेलो. सोनाम बुटी म्हणाली, काय गं दोघींची तोंडं शिवलीत का आज, आणि आम्ही खरंच काही बोललो नाही. ते दोन अक्षरांचं काय होतं, हे मी कुणालाच सांगत नाही, इथेही नाही. ती अजून वर आहे.